पुढल्या डावाची शिदोरी

टिल्व्हर्टन नावाच्या गावात, एका खाणावळीच्या खोलीत, सहा जणांना जाग येते. इथे कसे पोचलो ते कुणालाच आठवत नाही. चिलखतं गेलेली, तलवारी गेलेल्या. शस्त्र धरायच्या हातावर मात्र पाच निळी चिन्हं गोंदलेली, आणि ती कुणी गोंदली याचाही पत्ता नाही.

हे सहा जण माझे होते. १९९३ च्या पावसाळ्यात, ठाण्यात, काकांच्या हिशेबाच्या कचेरीतल्या संगणकावर मी त्यांना आधीच्या खेळातून इथे आणलं होतं. संध्याकाळी सातला काका टेबलं आवरून जायचे आणि किल्ली माझ्याकडे द्यायचे. ‘पूल ऑफ रेडियन्स’ पुरा करायला मला चार महिने लागले होते. आता त्याचा पुढचा भाग, ‘कर्स ऑफ दि अ‍ॅझ्युअर बाँड्स’, हाती आला होता. त्यात ‘पात्र सामील करा’ असं म्हटलं की खेळ विचारायचा, कुठून आणायचं? मी ‘पूल’ निवडलं, फ्लॉपी घातली, खडखड आवाज झाला आणि पडद्यावर नावं उमटली. त्यात एक नाव येसू. ती टोळीतली पुजारीण, जखमा बऱ्या करणारी. नाव माझ्या आजीचं. पडून आलो की गुडघ्यावर हळद दाबून धरणारी आजी मला तेव्हा आठवली होती, म्हणून हे नाव.

येसू आली, पण तिची गदा आली नाही, चिलखत आलं नाही. मी इतका हिरमुसलो की खेळ बंद करून खिडकीपाशी जाऊन बसलो. थोड्या वेळाने परत येऊन तिचा तक्ता उघडला. नाव तेच. अंगातलं बळ, शहाणपण, चपळाई यांचे आकडे तेच. आतापर्यंतच्या अनुभवाचे गुणही तेच. खेळाने तिचं सामान घेतलं होतं, तिला घेतलं नव्हतं.

हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. संगणकावरच्या जुन्या रोल-प्लेइंग खेळांत एका भागातलं पात्र पुढच्या भागात न्यायची सोय असायची. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ती एक सुविधा म्हणून नोंदवून पुढे जातात. मला ती त्या खेळांच्या गाभ्याशी दिसते. पात्र एका खेळाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात शिरतं, तेव्हा काय काढून घ्यायचं आणि काय राहू द्यायचं हे खेळ करणाऱ्याला ठरवावंच लागतं. ते ठरवताना माणूस कशाचा बनलेला असतो याचं आपलं उत्तर तो देऊन बसतो. पुढच्या प्रकरणांत अशी बरीच उत्तरं आहेत. इथे ज्यांच्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो तेवढीच घेतो.

या रिवाजाचं मूळ कागदावर आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्यात पात्र म्हणजे एक कागद. तो कागद घडी घालून खिशात ठेवायचा, दुसऱ्या मित्राच्या घरी जायचं, तिथे नवी मोहीम सुरू करायची. पात्र खेळाच्या मालकीचं नसे, खेळणाऱ्याच्या खिशातलं असे. संगणकावर हे खेळ आले तेव्हा खेळणाऱ्यांच्या मनात हीच समजूत पक्की होती.

म्हणून १९७९ च्या ‘टेंपल ऑफ अ‍ॅपशाय’मध्ये एक व्यवस्था आहे, जी आज वाचताना मला फार आवडते. खेळ सुरू होताना खाणावळवाला विचारतो, तुमच्यापाशी आधीचं पात्र आहे का? असेल तर त्याचे आकडे सांगा. आपण टंकायचे, आणि तो विश्वास ठेवायचा. पडताळणी नाही. कॅसेटवरच्या आवृत्तीत खेळाची स्थिती साठवायची सोय नव्हती. खेळ संपवताना पडद्यावरचे आकडे वहीत उतरवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा भरायचे. पात्र कुठे राहत होतं? खेळणाऱ्याच्या वहीत. आकडा चढवून लिहायला कुणाचीच आडकाठी नव्हती, आणि तरी त्या काळचे खेळणारे खरे आकडे उतरवून घेण्याबद्दल अभिमानाने सांगतात. त्याच सुमारास अ‍ॅपल टू संगणकावर डोनाल्ड ब्राउन यांनी ‘ईमन’ नावाची प्रणाली केली आणि ती फुकट वाटली. तिच्या मुख्य तबकडीवर एक मोठं दालन होतं. तिथे पात्र घडवायचं आणि मग दुसऱ्या कुणी लिहिलेल्या साहसाची तबकडी घालून त्याला तिकडे धाडायचं. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली अशी दोनशेहून जास्त साहसं तयार झाली. जिवंत परतलात तर दालनात पुन्हा जागा, मेलात तर नाव गेलं.

तरी या गोष्टीला धार आली ती ‘विझर्ड्री’ने. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांचा हा खेळ सर-टेक कंपनीने १९८१ मध्ये काढला. जमिनीखाली दहा मजल्यांचा चक्रव्यूह, सहा जणांची टोळी, आणि मरण खरंखुरं. कुणी मेलं की खेळ लगेच तबकडीवर तसं लिहून टाकायचा. देवळात पैसे भरून जिवंत करून घेता यायचं, पण तो विधी फसला तर पात्राची राख व्हायची, आणि राखेवरचा विधीही फसला तर ते कायमचं गेलं. खेळणारे घाबरून तबकडी ओढून बाहेर काढायचे, ती लिहिली जायच्या आत. यंत्राच्या तोंडातून माणूस ओढून काढावा तसं ते करायचे.

अशा जिवावरच्या मेहनतीने वाढवलेली टोळी पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, ‘द नाइट ऑफ डायमंड्स’मध्ये न्यायची होती. न्यायची होती म्हणजे न्यावीच लागायची. या दुसऱ्या भागात नवीन पात्र घडवायची सोयच ठेवली नव्हती. पहिला भाग खेळून तयार झालेले भिडू आणा, तरच दार उघडेल. दुसऱ्या चक्रव्यूहात टोळी खलास झाली तर पहिल्या खेळात परत जायचं आणि नव्या पोरांना पुन्हा पहिल्या मजल्यापासून वाढवायचं. विक्रीच्या हिशेबाने हा मोठाच धोका होता, कारण पहिला भाग न घेतलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा काही उपयोग नव्हता. पण जे आत गेले त्यांना त्या दाराची किंमत कळली. इतकं कडक दार पुढे फार कमी जणांनी ठेवलं. ते सैल झालं याची खंत मला आहे, आणि ते सैल होणं अटळ होतं हेही मला मान्य आहे.

तिसऱ्या भागात, १९८३ च्या ‘लेगसी ऑफ लिलगामिन’मध्ये, या दोघांनी जे केलं त्याला मी या सगळ्या परंपरेतली सर्वांत सुंदर युक्ती मानतो. अडचण साधी होती. दोन खेळ जिंकून आलेली टोळी इतकी बलाढ्य होती की तिसऱ्यात तिच्यापुढे कुणी टिकलं नसतं. ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांनी म्हटलं, ही ती माणसं नव्हेतच, ही त्यांची लेकरं-नातवंडं आहेत. पिढी उलटली आहे. एक विधी करायचा, आणि जुन्या वीराच्या जागी त्याचा वंशज उभा राहतो, पहिल्या पायरीवर, नवशिका. घराणं तेच, पण पराक्रम ज्याचा त्याने करायचा. आपल्याकडे वारसा म्हटलं की सात-बारा डोळ्यांपुढे येतो. इथे जमीन मिळत नाही, वाडा मिळत नाही. मिळतं ते आजोबांचं नाव आणि अंगात मुरलेलं थोडंसं काही.

आणि चौथा भाग, ‘द रिटर्न ऑफ वर्डना’, १९८७. पहिल्या भागात जो खलनायक मारला, तोच आता आपण. चक्रव्यूहाच्या तळाशी तुरुंगात पडलेला वर्डना वर चढत येतो आणि त्याला अडवायला साहसी टोळ्या येतात. या टोळ्यांतली बरीच नावं खऱ्या खेळणाऱ्यांच्या पात्रांची होती. खराब झालेल्या तबकड्या दुरुस्तीसाठी लोकांनी सर-टेककडे पाठवल्या होत्या, त्यांवरून ती उचललेली. कुणा शाळकरी पोराने आपला जीव की प्राण असलेला योद्धा वाचावा म्हणून टपालाने तबकडी धाडली, आणि काही वर्षांनी तोच योद्धा दुसऱ्या कुणाच्या खेळात वर्डनाची वाट अडवून उभा राहिला. दुसऱ्या भागात जाणं हा प्रवास आपण समजू शकतो. हा प्रवास मात्र पात्राने खेळणाऱ्याला मागे ठेवून केला.

आता थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. हे सगळं शक्य का झालं, ते तिथे कळतं. अ‍ॅपल टूच्या तबकडीच्या एका बाजूवर सगळं मिळून १४० किलोबाइट मावायचे. त्यात चक्रव्यूह, राक्षस, चित्रं आणि कार्यक्रम. पात्राच्या वाट्याला येणारी जागा फारच तुटपुंजी. ‘पूल ऑफ रेडियन्स’च्या पीसी आवृत्तीत एका पात्राची नोंद तीनशे बाइटच्या आतबाहेर होती. नाव, वंश, पेशा, सहा गुणांचे आकडे, जीव किती शिल्लक, अनुभव किती, कोणते मंत्र पाठ. सामानाची नोंद वेगळ्या फाइलीत. या प्रस्तावनेतला एक मोठा परिच्छेद साठवायला जेवढी जागा लागेल, त्याहून कमी जागेत अख्खी येसू मावायची. इतकी लहान म्हणूनच ती उचलून नेता यायची. जगाची स्थिती, कोणतं दार उघडलं, कोणता माणूस मारला, हे सगळं वेगळीकडे साठायचं आणि तिथेच राहायचं. त्या काळात पुढच्या भागात गेले ते आकडे, आठवणी मागे राहिल्या. ही मर्यादा पुढे फार महत्त्वाची ठरते.

स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी, लोक तिला एसएसआय म्हणत. तिने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे हक्क मिळवले आणि १९८८ ते १९९१ या काळात चार खेळांची मालिका काढली. ‘पूल ऑफ रेडियन्स’, ‘कर्स ऑफ दि अ‍ॅझ्युअर बाँड्स’, ‘सीक्रेट ऑफ द सिल्व्हर ब्लेड्स’, ‘पूल्स ऑफ डार्कनेस’. खोक्यांच्या रंगावरून या घराण्याला गोल्ड बॉक्स म्हणतात. नुसत्या पहिल्या खेळाच्या अडीच लाखांहून जास्त प्रती खपल्या. या पुस्तकाची सर्वांत जास्त पानं या चौघांनी घेतली आहेत आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही, कारण एकच टोळी नवशिकेपणापासून जवळजवळ देवांच्या बरोबरीपर्यंत नेण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न त्याआधी कुणी केला नव्हता.

त्यांनी पायऱ्या आधीच आखून घेतल्या होत्या. पहिल्या खेळात योद्धा आठव्या लेव्हलच्या वर जाऊच शकत नाही, जादूगार आणि पुजारी सहाव्याला थांबतात, चोर नवव्याला. कितीही राक्षस मारा, आकडा हलत नाही. बाकीचा जिना पुढच्या खेळात होता. चौथ्यात तो चाळिशीपर्यंत जातो. शाळेत एक इयत्ता झाली की दाखला घेऊन पुढच्या शाळेत जावं, तसं हे. आणि प्रत्येक नव्या शाळेच्या दारात दप्तर काढून घेतलं जायचं. दुसऱ्या खेळात टोळी खाणावळीत रिकाम्या हाताने जागी होते. तिसऱ्यात एका खाणगावचे लोक संकटात सापडतात, विहिरीत रत्नं टाकून नवस बोलतात की वीर पाठव, आणि तो नवस फळून आपली माणसं तिथे ओढली जातात, सामान मागेच राहतं. चौथ्यात दुसऱ्या जगांत जाताना जादूची शस्त्रं टिकत नाहीत, म्हणून ती एल्मिन्स्टर नावाच्या म्हाताऱ्या जादूगाराकडे ठेवून जावं लागतं. लागोपाठ तीन खेळांत हे होतं. कारण कुणालाही कळण्यासारखं आहे. मागच्या खेळाची तलवार नव्या खेळाच्या पहिल्या लढाईला कापून काढेल. तरी मला त्यात आणखी काही दिसतं. प्रत्येक वेळी सामान गेलं, आणि प्रत्येक वेळी मी येसूचा तक्ता उघडून ती तीच आहे ना ते पाहिलं. सामान न जातं तर मी तिच्याकडे पाहिलं नसतं, तिच्या गदेकडे पाहिलं असतं.

या मालिकेत एक निर्णय असा होता की जो पहिल्या दिवशी घ्यायचा आणि त्याचे परिणाम तीन वर्षांनी भोगायचे. नियमांप्रमाणे माणूस सोडून बाकीच्या वंशांना, म्हणजे एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग यांना, बहुतेक पेशांत लेव्हलची कायमची मर्यादा होती. पहिल्या खेळात ती फारशी जाणवत नाही, कारण तिथे सगळेच सहाव्या ते नवव्याला थांबतात. उलट एल्फ एकाच वेळी योद्धाही असतो आणि जादूगारही, म्हणून तो फार कामाचा वाटतो. दुसऱ्या खेळात तो मागे पडायला लागतो. चौथ्यात इतर भिडू विसाव्या-तिसाव्या लेव्हलला आणि हा त्यांच्या खूप खाली अडलेला. १९८८ मध्ये हौसेने निवडलेला एल्फ १९९१ मध्ये टोळीवर ओझं व्हायचा. काही जणांनी त्याला वाटेतच सोडलं आणि जागी नवा माणूस घेतला. काही जणांनी तो अडलेला एल्फ शेवटच्या लढाईपर्यंत सोबत नेला, केवळ पहिल्या दिवसापासून होता म्हणून. हे दुसऱ्या जातीचे खेळणारे मला जवळचे वाटतात. त्यांच्यासाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आणखी एक गोष्ट फक्त या मालिकेतच अनुभवता आली. ‘पूल ऑफ रेडियन्स’च्या शेवटी टायरॅन्थ्रॅक्सस नावाच्या दुष्ट शक्तीचा पराभव होतो. ‘कर्स’मध्ये हातावरच्या पाच चिन्हांपैकी एक त्याचंच निघतं. जुनी टोळी आणलेल्याला ते चिन्ह पाहून जो धक्का बसतो तो नवी टोळी घडवून सुरुवात करणाऱ्याला बसू शकत नाही. गोष्ट तीच, अक्षरं तीच, पण एकाच्या हातावर जुनं वैर गोंदलेलं असतं आणि दुसऱ्याच्या हातावर नुसती खूण.

‘बार्ड्स टेल’च्या तिसऱ्या भागातही, १९८८ मध्ये, असंच काही घडतं. पहिल्या खेळाचं गाव स्कारा ब्रे, ज्याच्या गल्ल्या चौकटीच्या कागदावर आखून आपण पाठ केलेल्या, ते उद्ध्वस्त होऊन पडलं आहे. तिथून खेळ सुरू होतो. या मालिकेची दारं मात्र फार मोकळी होती. ‘विझर्ड्री’ची आणि ‘अल्टिमा ३’ची, म्हणजे चक्क दुसऱ्या कंपन्यांची पात्रंही ती घेत असे. कागदाच्या काळातली समजूत, की पात्र खेळणाऱ्याचं, इथे शेवटची पाळली गेली असं मला वाटतं. आज एका कंपनीचा खेळ दुसरीच्या फाइलीकडे बघतसुद्धा नाही.

सगळ्याच खेळांनी बळ हीच शिदोरी मानली असं नाही. ‘अल्टिमा ४’ (१९८५) मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी राक्षस मारण्याऐवजी आठ सद्गुण अंगी बाणवणं हेच ध्येय ठेवलं. तिथून ‘अल्टिमा ५’मध्ये गेलेलं पात्र म्हणजे तो सिद्ध झालेला अवतार. आणि पाचव्यात त्याला काय दिसतं? ब्लॅकथॉर्न नावाच्या हुकूमशहाने तेच सद्गुण कायदे करून लोकांवर लादले आहेत. ज्याने ते स्वतः कमावले, त्याने ते बळजबरीने पाळले जाताना बघायचे. हा प्रसंग चौथा खेळ खेळून आलेल्यालाच पुरता बोचतो.

पण चारित्र्य एका फाइलीत घालून पुढे पाठवण्याची गोष्ट निघाली की मी ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’पाशी थांबतो. लोरी आणि कोरी कोल हे जोडपं, कंपनी सिएरा, पहिला भाग १९८९ चा. एकच नायक, आणि खेळ संपताना पडद्यावर प्रश्न येतो, तुमचा नायक जपून ठेवायचा का? हो म्हटलं की एक छोटी फाइल तयार होते. दुसरा भाग अरबी कथांच्या शहरात, तिसरा आफ्रिकेत, चौथा स्लाव लोककथांच्या धुक्यात, पाचवा ग्रीक बेटांवर. प्रत्येक भागात गुणांची कमाल मर्यादा शंभराने वाढते. पहिल्यात १००, पाचव्यात ५००. हे गुण लढाई जिंकून आपोआप मिळत नाहीत. दगड फेकत राहिलं की नेम सुधारतो, झाडावर पुन्हा पुन्हा चढलं की चढण्याचं कौशल्य. तालमीत जोर-बैठका मारल्यासारखं. म्हणून तो आकडा पुढच्या भागात गेला की सगळ्या तालमीसकट गेल्यासारखा वाटायचा.

दुसऱ्या भागात राकीश भेटतो. सिंहाचं शरीर असलेल्या लोकांतला तो म्हातारा योद्धा, पॅलाडिन, म्हणजे धर्माने वागण्याचं व्रत घेतलेला. तुमचं वागणं पुरेसं प्रामाणिक असेल तर शेवटी तो आपली तलवार तुम्हाला देतो, आणि तुम्हीही पॅलाडिन होता. ही पदवी सुरुवातीच्या यादीतून निवडता येत नसे. ती वागून मिळवायची आणि मग फाइलीबरोबर पुढे न्यायची. कोल जोडप्याने आपल्या नायकाला किती जपलं याची एक खूण आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी पुढच्या भागाचं नाव ‘शॅडोज ऑफ डार्कनेस’ म्हणून जाहीर झालं होतं. मग त्यांना वाटलं, हा नायक त्या अंधाऱ्या देशात जायला अजून तयार नाही. म्हणून मध्ये एक आख्खा खेळ घातला, ‘वेजेस ऑफ वॉर’, १९९२ मध्ये, आणि जाहीर केलेला खेळ चौथा झाला. पाचवा १९९८ मध्ये आला. १९८९ मध्ये फ्लॉपीवर जपलेला नायक नऊ वर्षांनी तिथे पोचू शकत होता. नऊ वर्षांत संगणक बदलले, फ्लॉप्यांचा आकार बदलला, शाळेतली मुलं नोकरीला लागली. फाइल तीच.

‘बाल्डर्स गेट’चं कौतुक फार झालं आहे, आणि ते रास्तच आहे. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने १९९८ मध्ये पहिला भाग काढला आणि २००० मध्ये दुसरा. पात्र पुढे नेता येतं, आणि सुरुवात पिंजऱ्यात, सामान गेलेलं, म्हणजे टिल्व्हर्टनच्या खाणावळीचाच वारसा. पण एक वस्तू वाचते. पहिल्या भागात फ्रेंडली आर्म नावाच्या सराईत एक उमराव तुम्हाला नोकर समजून सोन्याच्या रंगाची विजार हातात देतो. ती निरुपयोगी असते. विकून टाकायचा मोह होतो. न विकता जपली तर ती दुसऱ्या भागात तुमच्याबरोबर येते. तिथे चांदीची मिळते, पुढच्या ‘थ्रोन ऑफ बाल’मध्ये काशाची, आणि मग त्या तिन्हींपासून एक विलक्षण चिलखत घडवता येतं. तीन वर्षं एक विजार सांभाळणाऱ्या खेळणाऱ्याची कंपनीतल्या कुणीतरी अशी दखल घेतली. जुन्या खेळांनी पात्रं जपायला शिकवलं होतं, आणि इथे ते जपणं खेळाला ठाऊक होतं.

याच खेळाबद्दल माझी तक्रारही आहे. दुसरा भाग उघडला की पिंजऱ्याशी तीन जुने सोबती भेटतात, इमोएन, जाहिरा, मिन्स्क. तुम्ही पहिल्या भागात कुणाबरोबर फिरलात याचं दुसऱ्या भागाला घेणंदेणं नाही. जाहिराला तुम्ही कधी सोबत घेतलंच नसेल, तरी ती जुनी मैत्रीण. ज्याच्यासाठी तुम्ही जिवावर उदार झालात तो सोबती कदाचित तुम्हाला ओळखही देणार नाही. आकडे आले, मैत्री आली नाही. हीच ती तीनशे बाइटची मर्यादा, फक्त आता जागा कमी नव्हती. डी. डब्ल्यू. ब्रॅडली यांच्या ‘विझर्ड्री ६’ने १९९० मध्येच दाखवलं होतं की शेवट कसा केला याची नोंद पुढे नेता येते. तिथे शेवट जसा, तशी ‘विझर्ड्री ७’ची सुरुवात. पुढे २००७ ते २०१२ च्या ‘मास इफेक्ट’ त्रयीत बायोवेअरनेच हे शेकडो निर्णयांपर्यंत नेलं. कोण वाचलं, कोण मेलं, कुणाला शब्द दिला. ते मोठं काम आहे, आणि या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचं. मी जाणूनबुजून त्याच्या अलीकडे थांबलो आहे.

माझ्या सहा जणांचं पुढे काय झालं ते सांगून प्रस्तावना आटोपती घेतो. त्या पावसाळ्यात कचेरीच्या कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी लागली. पांढरे ठिपके, आणि आत घातली की यंत्र घरघरत राहायचं. ‘कर्स’ निम्मा झाला होता. येसू गेली. पुण्याच्या आत्तेभावाकडे ‘पूल’ची एक जुनी प्रत होती, आम्ही सुट्टीत एकत्र खेळायचो तेव्हाची. त्याने ती तबकडी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधून एस.टी.तून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. त्यात येसू होती, पण दोन लेव्हल मागची. ‘पूल’मधल्या व्हॅल्हिंगनच्या कबरस्तानात जायच्या आधीची. तिथे तिने सगळ्यांना कसं वाचवलं होतं ते मला ठाऊक होतं, तिच्या फाइलीत त्यातलं काही नव्हतं. तिलाच घेऊन मी टिल्व्हर्टनला परत गेलो. पुढे ‘सिल्व्हर ब्लेड्स’ही तिच्याबरोबर पुरा केला. चौथा खेळ त्या काळात मला मिळालाच नाही.

ती फाइल त्यानंतर किती यंत्रांवरून फिरली ते मोजलेलं नाही. गोल्ड बॉक्सचे खेळ आता रीतसर विकत मिळतात आणि जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रणालीत नीट चालतात. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहिताना मी ‘पूल्स ऑफ डार्कनेस’ उघडला. चौथा खेळ पुन्हा फ्लान गावापासून सुरू होतो, जिथे पहिला सुरू झाला होता. पात्र कुठून आणायचं असं त्याने विचारलं. मी ‘सिल्व्हर ब्लेड्स’ निवडलं. या वेळी खडखड झाली नाही. यादीत तिसरं नाव येसूचं होतं, आणि मी तिचा तक्ता उघडला.